राखी बांधताना धाकट्या भावाच्या हातावरच्या खुणा दिसल्या. आता मी काय करावे?

प्रश्न : पूर्णाकाठची ताई, परभणी

माझा धाकटा भाऊ १७ वर्षांचा आहे आणि बारावी विज्ञान व नीटच्या तयारीसाठी गेल्या वर्षापासून लातूरला ट्यूशन एरियात खोली करून राहतो. राखीपौर्णिमेला तो माझ्याकडे परभणीला आला होता. राखी बांधायला मी त्याचा उजवा हात मागितला, तर त्याने तो मागे घेतला आणि डावा पुढे केला. मला ती थट्टा वाटली, म्हणून मी हसत त्याचा उजवा हात ओढला आणि बाही वर सरकली. काही खुणा जुन्या होत्या, काही अलीकडच्या, आणि त्या पडल्याने किंवा खरचटल्याने झालेल्या नाहीत, त्याने स्वतःच स्वतःला इजा करून घेतली आहे, हे मला पाहताक्षणी कळले.

त्यानंतर मी जे वागले ते चुकले, असे आता वाटते. मी रडले, ओरडले, ‘आईबापाच्या तोंडाकडे तरी बघायचे होतेस’ असे म्हणाले आणि ओवाळणीच्या ताटासमोरच त्याला आईची शपथ घातली. तो काही न बोलता जेवला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. पोळ्याच्या सुमारास त्याच्या खोलीतल्या मुलाचा फोन आला की हे पुन्हा झाले आहे. तेव्हापासून भाऊ माझे फोन उचलत नाही.

आमचे वडील जिंतूर तालुक्यात कोरडवाहू शेती करतात. क्लासच्या फीसाठी आईचे दागिने गहाण ठेवलेले आहेत आणि हे भावाला माहीत आहे. आईवडिलांना मी अजून काहीही सांगितलेले नाही. माझ्या सासूबाईंनी राखीच्या दिवशीचा प्रकार पाहिला होता; त्या म्हणतात, लेकराला बाहेरचे काही झाले असेल, एकदा दाखवून आणू.

त्याला जगायचेच नाही असा याचा अर्थ आहे का, आईवडिलांना सांगितले तर तो आणखी खचेल का, सरकारी दवाखान्यात नेले तर पोलिसांत नोंद होऊन त्याच्या पुढच्या शिक्षणाला बाधा येईल का, आणि त्याने हे थांबवावे म्हणून मी नेमके काय बोलावे, हे मला कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ : मनोमन (मानसशास्त्रज्ञ, जिल्हा रुग्णालय)

ताई, सर्वांत आधी शपथेबद्दल लिहिते. ती तुम्ही मायेपोटी घातली हे तुमच्या भावालाही ठाऊक आहे, परंतु त्या शपथेने त्याच्यावरचे ओझे वाढले. आधी त्याच्याजवळ त्याचे दुःख होते. आता आईची शपथ मोडल्याचा अपराधही आहे, आणि तो फोन उचलत नाही याचे कारण बहुधा हेच असावे. आपल्याकडे शपथ घालता येते तशी ती सोडवताही येते. ‘शपथ सुटली’ एवढे त्याला आजच लिहून पाठवा. खाली आणखी एक ओळ लिहा की मी रागावले ते घाबरून रागावले आणि आता तू बोलशील तेव्हा फक्त ऐकेन. त्याचे उत्तर लगेच आले नाही तरी पाठोपाठ दहा संदेश पाठवू नका. मात्र खोलीतल्या मुलाकडून तो कसा आहे याची रोज चौकशी करत राहा, आणि शक्य तितक्या लवकर स्वतः लातूरला जा.

आता हे घडते कसे ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय तुमच्या तोंडून पुन्हा तीच वाक्ये येतील. राग, भीती, अपमान किंवा ‘मी सगळ्यांना बुडवले’ ही भावना मनात इतकी दाटते की ती सहन होत नाही आणि ती कुणाला सांगायला शब्दही सापडत नाहीत. अशा वेळी शरीराला वेदना झाली की लक्ष तिकडे वळते, आणि ती वेदना ओसरू लागली की तिच्यासोबत मनाचा ताणही काही काळ उतरतो. ही सुटका त्याच्यापुरती खरी असते, म्हणून माणूस तिच्याकडे पुन्हा वळतो. ती फार वेळ टिकत नाही, म्हणून त्याला वारंवार वळावे लागते. आणि प्रत्येक वेळी मागे लाज उरते, जी पुढच्या ताणात भर घालते. काही मुले सांगतात की त्यांना आतून काहीच जाणवत नव्हते आणि काहीतरी जाणवावे म्हणून त्यांनी हे केले. काहींना स्वतःला शिक्षा करायची असते. ज्या मुलाला आईचे दागिने कशासाठी गहाण आहेत हे माहीत आहे, त्याच्या बाबतीत या शेवटच्या शक्यतेचा विचार अवश्य करावा.

हे लक्ष वेधून घेण्यासाठी केलेले नाटक आहे, असे कुणी म्हणाले तर ते मान्य करू नका. ज्याला लक्ष वेधायचे असते तो राखीसाठी डावा हात पुढे करत नाही. तो एकटाही नाही. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात किशोरवयीनांपैकी सुमारे १७ टक्के जणांनी कधी ना कधी स्वतःला इजा केल्याचे आढळले होते. मुलींबद्दल हे निदान बोलले तरी जाते. मुलांच्या बाबतीत ‘तापट आहे’, ‘धडपडला असेल’ म्हणून ते बरेचदा नजरेतून निसटते.

जगायचेच नाही का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला येथून देता येणार नाही आणि कुणीही ते अंदाजाने देऊ नये. बरीच मुले मरण्यासाठी नव्हे, तर तो एक प्रसंग कसाबसा पार पाडण्यासाठी हे करतात. तरीही, स्वतःला इजा करणाऱ्यांमध्ये पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, म्हणून ही बाब कधीही हलकी मानू नये. त्याला शांतपणे आणि थेट विचारा : ‘तुझ्या मनात मरण्याचे विचार येतात का?’ असे विचारल्याने नसलेला विचार मनात येतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उलट, अखेर कुणीतरी विचारले म्हणून मुलांना हायसे वाटते, हा माझा रोजचा अनुभव आहे. तो ‘हो’ म्हणाला, किंवा त्याने काही ठरवले आहे असे जाणवले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. एक गोष्ट मात्र त्याच्या उत्तराची वाट न पाहता करा. गावाकडच्या घरी फवारणीची औषधे असतीलच. ती कुलूपबंद करून किल्ली मोठ्या माणसाकडे ठेवायला लावा. मराठवाड्यातल्या शेतकरी घरात यापेक्षा तातडीची दुसरी खबरदारी मला माहीत नाही.

उपचारांचा मुख्य भाग बोलण्याचा आहे. ब्रिटनमध्ये वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये स्पष्टपणे लिहिले आहे की केवळ स्वतःला इजा करणे कमी व्हावे म्हणून औषध देऊ नये. सोबत नैराश्य किंवा दुसरा आजार असेल तर त्याचे उपचार अर्थातच करावेत. म्हणजे गोळी लिहून दिली आणि काम झाले, असे हे नाही. अशा मुलांसाठी उपयोगी पडलेली एक पद्धत, डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी (अनावर भावना सांभाळण्याची कौशल्ये शिकवणारे उपचार), अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लाइनहन यांनी विकसित केली. आपण स्वतः तरुणपणी स्वतःला इजा करत होतो आणि त्यासाठी रुग्णालयात राहिलो होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. तुमच्या भावाला एखादे उदाहरण सांगायचे झाले तर हे सांगा.

लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मनोविकृतीशास्त्र विभाग आहे आणि तो त्याच्या खोलीपासून फार दूर नाही. मध्यरात्री कुणाशी बोलावेसे वाटले तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. हा क्रमांक तुम्हीही लावू शकता. काळजी घेणाऱ्यालाही बोलण्याची गरज असते.

सासूबाईंचे म्हणणे तोडून टाकू नका, कारण त्या लेकराच्या काळजीनेच बोलत आहेत. देवदर्शनाने घरातल्यांना धीर येत असेल तर अवश्य जावे. मात्र कुणी उपास घडवणार असेल, मारहाण करणार असेल किंवा दवाखान्यात नेऊ नका असे सांगणार असेल, तर तेथून त्याच क्षणी परत फिरावे.

उत्तर २ : जात्यावरची ओवी, बीड

ताई, मी पाच वर्षांपूर्वी तुमच्या भावाच्या जागी होते, म्हणून लिहिते आहे. आमचे गाव केज तालुक्यात आहे. आईवडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. मी वसतिगृहात राहून शिकत होते. मी काय करत होते त्याचा तपशील मी लिहिणार नाही, कारण तो वाचून कुणाचेही भले होत नाही, आणि त्या दिवसांत असे तपशील वाचले की माझीच ओढ वाढत असे.

मला सर्वांत जास्त लागलेले वाक्य होते ‘तुला काय कमी आहे?’ ते माझ्या मामाने विचारले होते. खरोखर काही कमी नव्हते, आणि तरीही मला असे होते, याचाच अर्थ मी वाईट आहे, असे मी त्या वाक्यातून शिकले. उलट एका शिक्षिकेने माझा हात पाहिला तेव्हा त्यांनी इतकेच विचारले की ‘जखम दुखते का, मलमपट्टी करू का?’ कारण त्यांनी त्या दिवशी विचारले नाही, दुसऱ्या दिवशीही विचारले नाही. चौथ्या दिवशी मीच सांगितले.

थांबवण्यासाठी काय उपयोगी पडले, ते माझ्यापुरते सांगते. समुपदेशक ताईंनी मला आधी थांबायला सांगितलेच नाही; ओढ कधी येते ते वहीत लिहायला सांगितले. तीन आठवड्यांत दिसले की ती बहुतेक वेळा घरून फोन येऊन गेल्यावर, रात्री दिवे मालवल्यानंतर येते. ती चढत जाते, एका टोकाला पोचते आणि मग उतरते, हे मला तोवर माहीतच नव्हते, कारण मी तिला कधी उतरू दिले नव्हते. घड्याळ समोर ठेवून पाहिले तेव्हा माझ्या बाबतीत अर्ध्या तासाच्या आत तिचा जोर ओसरत असे. मग प्रश्न आयुष्यभराचा राहिला नाही, त्या अर्ध्या तासाचा झाला.

त्या अर्ध्या तासासाठी मी काही गोष्टी ठरवून ठेवल्या. पहिली म्हणजे गार पाण्याने भरलेल्या बादलीत चेहरा काही क्षण बुडवणे. त्याने छातीतली धडधड खरोखर कमी होते. चेहरा गार पाण्यात गेला की शरीर आपोआप हृदयाची गती मंदावते, असे ताईंनी समजावले होते आणि ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच करावे, असेही बजावले होते. दुसरी म्हणजे दोन्ही हात गुंततील असे काम. सुट्टीत घरी असले की मी भाकऱ्या थापायला बसायची. थापण्याचा आवाज, त्याची लय आणि काठ फुटू नये म्हणून द्यावे लागणारे लक्ष यांत मन थोडे थोडे खाली येते. वसतिगृहात भाकरी नव्हती, तेव्हा रात्री कपडे धुवायची.

तिसरी गोष्ट मला आजीकडून मिळाली. आजीने कुणाजवळ कधी गाऱ्हाणे केले नाही, पण पहाटे जात्यावर बसली की सासरचे, माहेरचे, गेलेल्या लेकराचे सगळे ओवीत सांगायची आणि दळण संपले की पदराने तोंड पुसून कामाला लागायची. मला ओव्या रचता येत नाहीत, म्हणून मी चार ओळी लिहायला लागले. त्या चांगल्या नव्हत्या आणि तसा त्यांचा हेतूही नव्हता.

चौथी गोष्ट माणसाची आहे आणि ती तुम्ही तुमच्या भावासाठी करू शकता. माझ्या चुलत बहिणीशी माझे ठरले होते की मी ‘पाणी आले का?’ असा संदेश पाठवला की तिने काही न विचारता फोन करायचा आणि शेतातले, म्हशीचे, शेजारचे काहीही बोलत राहायचे. ‘मला मदत हवी आहे’ हे शब्द त्या क्षणी तोंडातून निघत नाहीत. ‘पाणी आले का’ निघतात.

इंटरनेटवर असेही सुचवलेले असते की त्या वेदनेऐवजी एखादी छोटी, कमी धोक्याची वेदना स्वतःला द्यावी. मी तेही करून पाहिले. माझे मन वेदनेकडेच पाहत राहिले, म्हणून मी ते सोडले. आणखी एक सांगते : थांबल्यावरही माझ्याकडून दोनदा पुन्हा झाले. तुमच्या भावाचेही तसे झाले तर ‘सगळे पाण्यात गेले’ असे समजू नका. आठ महिन्यांत दोनदा होणे आणि आठवड्यातून दोनदा होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सध्या मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

उत्तर ३ : निवृत्त मुख्याध्यापक, जालना

भगिनी, कायद्याविषयी आपण विचारलेल्या शंकेचे उत्तर देतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवला जात नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि जुन्या संहितेतील आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारे ३०९ वे कलम, ज्याची लोकांच्या मनात आजही भीती आहे, नव्या संहितेत त्या रूपात आलेच नाही. आपल्या भावाने तर आत्महत्येचा प्रयत्न केला असेही आपण म्हटलेले नाही. रुग्णालय जखमेची नोंद करून पोलिसांना कळवू शकते, परंतु तशी नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. मानसिक आजार व त्यावरील उपचार यांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्कही याच कायद्याने दिलेला आहे. तो १७ वर्षांचा असल्याने उपचारांना पालकांची संमती लागेल, म्हणून आईवडिलांना सांगावेच लागेल. मात्र केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे त्याला विचारून ठरवावे.

मी अनेक वर्षे वसतिगृहाची जबाबदारी सांभाळली. एका मुलाबाबत असाच प्रकार समोर आला तेव्हा ‘इतर मुले बिघडतील’ म्हणून मी त्याच्या वडिलांना बोलावून त्याला त्याच रात्री घरी पाठवले. वळकटी काखेत धरून तो फाटकातून बाहेर पडला, ते दृश्य आजही डोळ्यांसमोरून जात नाही. ज्या लेकराला आपण नकोसे झालो आहोत असे आधीच वाटत होते, त्याला मी तेच सिद्ध करून दिले. त्याचे पुढे बरे झाले, हे माझे नव्हे, त्याच्या आईचे श्रेय आहे. खोलीमालक किंवा क्लासवाले असे काही करू पाहत असतील तर त्यांच्याशी बोलायला आपण स्वतः जावे.

पूर्णाकाठची ताई, परभणी (पाच आठवड्यांनंतर)

तुम्हा सर्वांचे ऋण मोठे आहे. ‘शपथ सुटली’ असे लिहून पाठवल्यावर दोन दिवस काही आले नाही. तिसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही. त्याच आठवड्यात मी लातूरला गेले. गंजगोलाईत आम्ही उगाच दोन फेऱ्या मारल्या, मग एका बाकावर बसलो आणि मी मरण्याच्या विचारांबद्दल थेट विचारले. तो म्हणाला की दोनदा तसे वाटून गेले, पण काही ठरवलेले नाही. त्याच दुपारी आम्ही रुग्णालयात गेलो.

मला जे माहीत नव्हते ते तेथे कळले. क्लासच्या दर आठवड्याच्या चाचणीचे गुण पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर येतात. वडिलांना त्या तक्त्यातले काही कळत नाही. भावाचे नाव खालच्या पानावर असले तरी ते दर वेळी खाली हात जोडल्याचे चिन्ह पाठवतात. ते चिन्ह पाहिले की त्याला सहन होत नसे. मला असा काही अंदाजच नव्हता.

आईवडिलांना त्याच्या संमतीने आणि त्याच्यासमोरच मी सांगितले. आई त्याच्या हाताला खोबरेल तेल लावत बसली आणि एकदाही ‘का’ म्हणाली नाही, कारण मी तिला जात्यावरच्या ओवीताईंचे उत्तर आधी वाचून दाखवले होते. वडील उठून बाहेर गेले. आम्हाला वाटले रागावले, पण ते फवारणीच्या औषधांची खोली कुलूपबंद करून आले आणि किल्ली त्यांनी आईच्या हातात दिली.

त्यानंतर एकदा पुन्हा झाले. त्या रात्री त्यानेच मला ‘सोयाबीन काढले का?’ असा संदेश पाठवला. हे शब्द आम्ही ठरवलेले आहेत. माझा एकच प्रश्न उरला आहे : वडिलांनी त्या गटातून बाहेर पडावे का?

मनोमन

हा प्रश्न वडिलांनी नव्हे, भावाने सोडवावा. वडिलांना प्रत्येक वेळी गुण कळायला हवेत की महिन्यातून एकदा, ते त्यांना गटावर कळावेत की त्याच्या तोंडून, हे त्याला पुढच्या भेटीत समुपदेशकांसमोर ठरवू द्या. शक्य असेल तर त्या भेटीला वडिलांनाच सोबत जाऊ द्या, आणि ते हात कशासाठी जोडतात हे त्यांनी स्वतः त्याला सांगावे.

पूर्णाकाठची ताई

दसऱ्यानंतरच्या सोमवारची तारीख मिळाली आहे. वडील आदल्या रात्रीच लातूरला जाऊन त्याच्या खोलीवर मुक्काम करणार आहेत.